पहिली मोटर जाळायची

मला वेल्डिंग येत नाही. वायरिंग येत नाही. लेथ मशीन सुरू झालं की मी आजही दोन पावलं मागे सरकते. तरीही नऊ वर्षं मी वेल्डिंग, वायरिंग आणि लेथ कसं शिकवावं, हे ते शिकवणाऱ्यांना शिकवत होते. त्याचा मला पगार मिळाला, निवृत्त होताना शाल आणि नारळ मिळाला. आमच्या बुऱ्हाणपुरात शाल-नारळ मिळाला म्हणजे बाईंनी काम चांगलंच केलं असणार, असं लोक धरून चालतात. मीही बरीच वर्षं धरून चालले होते.

माझं मूळ काम शिवण शिकवायचं. आमची संस्था एका ट्रस्टची. दहावी झालेली, बारावी अर्ध्यावर सोडलेली पोरं-पोरी इथे यायची आणि वर्ष-दोन वर्षांत हाताला काही काम शिकून बाहेर पडायची. कुणी फिटर, कुणी इलेक्ट्रिशियन, कुणी वेल्डर. पहिल्या मजल्यावर कोपऱ्यात माझ्या बावीस शिलाई मशिनी. माझा मंत्र एकच होता: दोनदा मोजा, एकदा कापा. कापलेलं कापड देवालाही परत जोडता येत नाही. पहिले दोन महिने मी मुलींच्या हातात कापड द्यायचेच नाही. जुन्या वर्तमानपत्रावर कापा, कागदावर बिनदोऱ्याची शिलाई मारा. पोरी कुरकुरायच्या, पण माझ्या वर्गात कापड वाया गेलं नाही.

वर्ग कंटाळला की मी माझीच गोष्ट सांगायचे. सोळाव्या वर्षी मी काकूचा ब्लाऊज शिवायला घेतला आणि दोन्ही बाह्या डाव्याच कापल्या. काकूने तो ब्लाऊज फेकला नाही. माझं लग्न होईपर्यंत घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला चहाबरोबर दाखवला. मुली पोट धरून हसायच्या, मीही हसायचे, आणि मग पुन्हा म्हणायचे, म्हणून दोनदा मोजा.

पुढे संस्थेला एक पर्यवेक्षक हवा झाला. वर्गात मागच्या बाकावर बसायचं, सर कसे शिकवतात ते बघायचं, फॉर्म भरायचा, आणि सरांना सुधारणा सांगायच्या. एवढ्या मोठ्या संस्थेत या कामाला मीच का? कारण माझं अक्षर चांगलं होतं. सचिवसाहेब तसं तोंडावर म्हणाले. मला त्याचा अभिमानही वाटला. काय सांगावं!

तो फॉर्म दोन पानी होता. सरांनी पाठाची योजना लिहून आणली होती का? फळा वापरला का? प्रश्न विचारले का? साहित्य वाया गेलं का? आणि सगळ्यात खाली, शिक्षकाचं बोलणं कसं होतं: अपुरं, पुरेसं की उत्तम? एकावर बरोबरची खूण करायची आणि सही. शिकवण्याच्या चार पायऱ्या असतात, तयारी, सादरीकरण, सराव आणि चाचणी, हे मी एका आठवड्याच्या प्रशिक्षणात शिकून आले होते. त्या चार पायऱ्यांवरून मी पुढे कितीतरी भल्या माणसांना चढवलं आणि उतरवलं.

सगळं वाया गेलं असं नाही म्हणत मी, उगाच साधूपणाचा आव कशाला? वेल्डिंगचे सर मुलांकडे पाठ करून शिकवायचे. ठिणग्या सरांना दिसायच्या, मुलांना सरांचा शर्ट. त्यांना मी फिरवून उभं केलं. कॉम्प्युटरच्या सरांनी तर लाइट गेल्यावर फळ्यावर अख्खा की-बोर्ड काढून पोरांना एकेक करून फळ्यावर टाइप करायला लावलं होतं. त्यांना मी 'उत्तम' दिलं. अशा दिवशी वाटायचं, आपण या कामासाठीच जन्मलो.

मग मी रामदास महाजनांच्या वर्गात जाऊन बसले.

महाजन इलेक्ट्रिशियनच्या मुलांना मोटर-वाइंडिंग शिकवायचे. बाहेरच्यांसाठी सांगते, मोटरीच्या पोटात खाचा असतात. त्यांत कागद घालून तांब्याच्या तारेची वेटोळी बसवतात, वरून व्हार्निश पाजतात. मोटर जळते म्हणजे ती तार जळते. जुनी तार काढून नवी भरायची, ते वाइंडिंग. तापीकाठी केळी आहे तोवर मोटरी आहेत, आणि मोटरी आहेत तोवर त्या जळणार आहेत. ज्याच्या हाताला वाइंडिंग आलं त्याला इथे कुणाच्या दारात उभं राहावं लागत नाही.

महाजन इच्छापुरहून मोटरसायकलने यायचे. बारीक अंगाचे, पन्नाशीचे, बोटांच्या टोकांना व्हार्निशचा तपकिरी रंग कायमचा. त्यांचा करार दरवर्षी नवा व्हायचा, आणि माझ्या फॉर्मवर व्हायचा. मी मागे बसले. पाच मिनिटं झाली, दहा झाली, महाजन बोलेचनात. एका पोराचं मनगट धरून त्याच्या हातांनी तार ओढून दाखवली. दुसऱ्याच्या कानाला स्क्रूड्रायव्हरची मूठ लावली, टोक चालत्या मोटरीवर टेकवलं आणि त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. पोरगा म्हणाला, "सर, घासल्यासारखा आवाज येऊन राहिला." महाजन म्हणाले, "हं." झालं, एवढंच भाषण.

शेजारच्या मुलीला मी हळूच विचारलं, "सर नेहमी असेच का गं?"

"हो मॅडम. सर बोलतेच नाहीत. पण समझ में आता है."

मग ते घडलं. वर्गातल्या एका नव्या पोराने भंगारातून आणलेली कूलरची मोटर भरली होती. मला काही कळत नव्हतं, पण शेजारची मुलगी म्हणाली, याने कनेक्शन उलटं दिलंय. महाजनांनाही ते दिसत होतं. मी वाट बघत होते की आता सांगतील. त्यांनी काय करावं? वाळूची बादली जवळ ओढली, वीसच्या वीस पोरांना टेबलाभोवती उभं केलं, बटणावर हात ठेवला आणि मोटर चालू केली. ती घुरघुरली. सगळे नाकं पुढे करून उभे. थोड्या वेळाने धूर निघाला, आणि तेव्हा कुठे महाजनांनी बटण बंद केलं. माझा पदर नाकावर, डोळ्यांत पाणी.

"हे काय हो महाजन?"

त्या दिवशी ते एका दमात जितकं बोलले तितकं मी त्यांना आधी कधी बोलताना ऐकलं नव्हतं. "पहिली मोटर जाळायची असते, मॅडम. प्रत्येकाने आपली. पहिला वास येतो तो शहाण्याले येतो. दुसरा सगळ्यांले येतो. तिसरा गल्लीले. पहिल्या वासाले बटण बंद केलं तर मोटर वाचते. तो वास काही पुस्तकात नाही."

वीस पोरं, एकेकाच्या दोन-दोन, म्हणजे वर्षाला चाळीस मोटरी! तार गेली, व्हार्निश गेलं. दोनदा मोजा, एकदा कापा असं बावीस वर्षं घोकलेली बाई मी, माझ्या अंगाचा तिळपापड झाला. वाया घालवणं हीच यांच्याकडे शिकवण्याची पद्धत! मी फॉर्म काढला. योजना? नाही. फळा? नाही. प्रश्न? नाही. साहित्य वाया गेलं का? हो, याच्यापुढे मी दोनदा रेघ ओढली. बोलणं? अपुरं. माझ्या सुंदर अक्षरात.

सचिवसाहेबांनी महाजनांचा करार फक्त सहा महिन्यांचा केला. सहा महिन्यांत सुधारणा दिसली नाही तर नमस्कार. महाजनांच्या दोन मुली तेव्हा कॉलेजात होत्या, हे मला माहीत होतं. म्हणून मी ठरवलं, या माणसाला मी सुधारणार. मी काही दुष्ट नव्हते. दुष्ट असते तर इतकं नुकसान झालं नसतं.

रोज दुपारी रिकाम्या वर्गात मी एकटी बाकावर बसायचे आणि महाजन फळ्यासमोर उभे राहायचे. "म्हणा, प्यारे प्रशिक्षणार्थियो, आज हम मोटर के भाग पढ़ेंगे."

"प्यारे..." एवढं म्हणून महाजन घाम पुसायचे. "मॅडम, मले नाही होत. समोर कोणी प्यारं दिसत नाही."

"मी आहे ना! बोला."

बिचारा माणूस लाजेने लाल व्हायचा. पण पोटाचा प्रश्न होता. त्यांनी पाठांतर सुरू केलं. इच्छापुरला घरामागे त्यांची थोडी केळी होती, तिथे उभं राहून मोठ्याने म्हणायचे. एकदा त्यांच्या बायकोचा मला फोन आला. "मॅडम, हे आजकाल सकाळी सकाळी केळीले शिकवून राह्यले. तब्येत ठीक आहे ना यांची?"

मी म्हटलं, "वहिनी, तब्येत आत्ता कुठे सुधारतेय."

आणि सुधारली हो! तोंड एकदा उघडलं ते उघडलंच. महाजन तक्ते लावू लागले, तीन रंगांचे खडू आणू लागले. मोटर म्हणजे काय, मोटरीचे प्रकार किती, मोटर जळण्याची कारणं किती, सगळं क्रमाने. पोरं लिहून घ्यायची, पाठ करायची. मोटरी जाळणं मी पहिल्याच दिवशी बंद करवलं होतं. आता मुलं एकच मोटर भरायची, तीही सर प्रत्येक तार तपासून देतील तशी. चूक व्हायला जागाच नाही. तपासणीला बाहेरून जे पथक आलं, त्यातल्या साहेबांनी एका मुलाला उभं केलं आणि विचारलं, मोटर जळण्याची कारणं सांग. त्याने सातही कारणं न अडखळता सांगितली. साहेब खूश. तो मुलगा निलेश, फोपनारचा. गोरागोमटा, हुशार, आईवडिलांना वाटायचं पोरगं फोपनारचं नाव काढेल. पुढे वार्षिक परीक्षेतही तोच पहिला आला. साहेबांपैकी कुणी पुढे होऊन पोरांनी भरलेल्या मोटरीला हात लावला नाही. मीही नाही. मला तर लावायचं कारणच नव्हतं.

महाजनांना 'आदर्श शिक्षक' अशी ढाल मिळाली. करार पूर्ण वर्षाचा झाला. ट्रस्टच्या दुसऱ्या शाखांत जाऊन ते तिथल्या सरांना शिकवायचं कसं ते शिकवू लागले. गळ्यात टाय आला. माझं तर काय विचारता! प्रत्येक बैठकीत मी महाजनांची गोष्ट सांगायचे, आपण मूर्ती घडवली अशा थाटात.

दोन बॅचेस अशा बाहेर पडल्या.

फोपनारला माझा धाकटा भाऊ सुभाष राहतो. त्याची केळी नदीकडे, आणि नदीवर मोनोब्लॉक मोटर, म्हणजे पंप आणि मोटर एकाच अंगात, जमिनीवर बसवलेली. मे महिन्यात केळीला चार दिवस पाणी चुकलं की पानं करपतात, घड पोसत नाहीत. मी रविवारी त्याच्याकडे गेले होते. मोटरीचा आवाज जरा वेगळा येतोय म्हणून सुभाषने गावातल्याच निलेशला बोलावलं होतं. मला फार आनंद झाला. चला, आपल्या हातचं रोप फळाला आलं.

निलेश आला, मला वाकून नमस्कार केला, मोटरीसमोर ताठ उभा राहिला आणि सुरू झाला. "काका, मोटर जळण्याची सात कारणं असतात. पहिलं कारण, कमी व्होल्टेज. दुसरं..."

सुभाष म्हणाला, "ते राहू दे रे. वास येऊन राह्यला ना?"

निलेशने नाक वर केलं. मीही केलं. काहीतरी गोडसर, गरम असं येत होतं. निलेश म्हणाला, "काका, बाजूच्या शेतात काही फवारलं असेल. व्होल्टेज चेक करतो, तोवर चालू द्या." त्याने मीटर काढलं, वहीत आकडा लिहिला, चौथ्या कारणावर आला, आणि मोटरीने काळा धूर सोडला. तिसरा वास. गल्लीचा. तिथे गल्ली नव्हती म्हणून केळीला गेला.

सुभाष माझ्याकडे वळला. "ताई, तुझ्या पोराने मोटरीची संपूर्ण माहिती दिली. मोटर शेवटपर्यंत ऐकत होती. मग मेली बिचारी."

निलेशचं तोंड पांढरंफटक. "मॅडम, मी तर सगळं बरोबर सांगितलं ना?" तो रडवेला होऊन मलाच विचारत होता. सगळं बरोबरच होतं.

मोटर घेऊन आम्ही बुऱ्हाणपूरला शनवाऱ्यातल्या वाइंडिंगच्या दुकानात गेलो. तिथे कामाला होती ममता, देडतलाईची. वर्गात पहिल्या दिवशी माझ्या शेजारी बसून "समझ में आता है" म्हणणारी तीच. महाजन मुके होते तेव्हाच्या शेवटच्या बॅचमधली. ती खाली बसून मोटर उघडत होती, मी निलेशची बाजू घेत होते. पहिला आला होता गं तो, सातही कारणं येतात त्याला.

ममताने मान वर केली नाही. "मॅडम, उसने जलाई ही नहीं ना कभी. मी दोन जाळल्या होत्या. दुसरीच्या वेळी सरांनी बटण बंद करायच्या आधी मीच ओरडले, बंद करा. सर हसले होते. पूरे साल में एकच बार हसले." जळलेली काळी तार तिने ओढून बाहेर काढली आणि बाजूला टाकली. "आता सर जाळू देत नाहीत म्हणे. कुणीतरी बंद करवलं."

"हो," मी म्हटलं. "मी."

तिने तेव्हा वर बघितलं. मग पुन्हा मान घालून पुढची तार ओढायला घेतली. मोठी झाली होती पोरगी.

सुभाषची मोटर तीन दिवसांत भरून मिळाली, केळी वाचली. वाचला नाही तो निलेश. फोपनारमध्ये बातमीला पाय लागत नाहीत, पंख लागतात. सात कारणंवाला म्हणून पोरं त्याला चिडवू लागली. कुणी मोटरीला हात लावू देईना. जूनमध्ये सुभाषने सांगितलं, निलेश केळीच्या ट्रकवर घड भरायला जातोय. त्या कामात कमीपणा नाही. पण तो त्या कामासाठी आमच्याकडे दोन वर्षं शिकला नव्हता. माझ्या डोळ्यांसमोर दोन बॅचेसचे चाळीस चेहरे येऊ लागले, आणि खरं सांगते, मला झोप लागेना. करायला गेले गणपती आणि झाला मारुती! तोही ढाल घेतलेला.

मी महाजनांना गाठलं. टाय घालून ते तक्ता लावत होते.

"महाजन, मोटरी पुन्हा जाळायच्या."

त्यांना वाटलं मी थट्टा करतेय. "मॅडम, साहित्य वाया जाईल."

"जाऊ द्या."

"फॉर्ममध्ये रकाना आहे."

"मला माहीत आहे रकाना. मीच भरते."

महाजनांनी खडू खाली ठेवला. आवाज हळू होता, पण मला तो आजही ऐकू येतो. "मॅडम, तुम्ही चार महिन्यांनी रिटायर होता. मागून कोणी नवीन येईल, तो फॉर्म भरील. माझ्या धाकटीचं कॉलेज बाकी आहे. तेव्हा सहा महिने मी जेवलो नाही नीट. तुमच्या एका शब्दाने. मी बोलायले शिकलो, टाय बांधायले शिकलो. आता तुम्ही म्हणता, पुन्हा मुका हो?"

मी म्हटलं, "पोरांचं नुकसान होतंय हो."

"ते मले पहिल्या दिवसापासून माहीत होतं," महाजन म्हणाले. मग तक्ता सरळ करत, "मॅडम, तुम्ही बाही कापायले कशा शिकल्या?"

माझ्या बाह्यांची गोष्ट सगळ्या संस्थेला माहीत होती. बावीस वर्षं मी मुलींना हसवायला जी गोष्ट सांगत होते, तिचा अर्थ एका मोटर-वाइंडरने मला साठीत विचारला. वर्तमानपत्र कापून नाही शिकले मी. काकूचा ब्लाऊज नासवून शिकले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

त्या रात्री मी जन्मभर जे शिकवलं तेच केलं. चार पायऱ्यांची योजना लिहिली. पाठ पहिला: सदोष वाइंडिंगची प्रत्यक्ष चाचणी. तयारी: भंगारातल्या मोटरी, वाळूची बादली. सादरीकरण: शिक्षक स्वतः मोटर हाताळून दाखवतील. सराव: प्रशिक्षणार्थी स्वतःच्या बुद्धीने मोटर भरतील, शिक्षक चूक दाखवणार नाहीत. चाचणी: गंधावरून दोष ओळखणे. साहित्याचा शैक्षणिक उपयोग, असं शीर्षक दिलं. वाया गेलं हा शब्द कुठेही येऊ दिला नाही. समास सोडला, तीन रंगांत आकृती काढली. सचिवसाहेबांनी दोन पानं चाळली, "वा, मॅडम, अक्षर अजून तसंच आहे," म्हणाले आणि मंजूर अशी सही ठोकली. वाचली असती तर केली नसती. आयुष्यात एकदा तरी कुणी वाचलं नाही याबद्दल मी देवाचे आभार मानले. मंजुरीची एक प्रत मी महाजनांच्या हातात दिली. आता रकान्याला भ्यायचं कारण नव्हतं. त्यांनी कागद दोनदा वाचला, घडी घातली आणि खिशात ठेवला. टाय काढायला आणखी आठवडा गेला.

मग मी फोपनारला गेले. निलेश घरी नव्हता, ट्रकवर होता. आई म्हणाली, "मॅडम, तो संस्थेचं नाव काढलं की उठून जातो." मी ट्रक येईपर्यंत ओट्यावर बसून राहिले. तो आला, खांद्यावर केळीच्या चिकाचे डाग.

"निलेश, चूक तुझी नव्हती. माझी होती. तू परत वर्गात बस."

"मॅडम, पास आऊट हो गया मैं. लोग हसेंगे."

"मग माझ्यावर हसतील. मीही बसतेय तुझ्या शेजारी."

आणि बसले. नव्या बॅचच्या वीस पोरांत एक पास झालेला मुलगा आणि एक पांढऱ्या केसांची बाई. महाजन आमच्याकडे बघून हसलेही नाहीत. मोटरी वाटल्या, तार वाटली, आणि गप्प उभे राहिले. तांब्याची तार दोऱ्यासारखी वाटते, पण दोऱ्यासारखी ऐकत नाही. माझ्या शिवणाऱ्या बोटांचा गर्व पहिल्याच खाचेत उतरला. मी कागद तिरका घातला, ते महाजनांनी पाहिलं आणि पुढे गेले. मला इतका राग आला म्हणून सांगू! सांगायचं ना हो! पण योजना माझीच होती. तिसऱ्या दिवशी माझी मोटर टेबलावर आली. मी नाक पुढे करून उभी. सगळ्या पोरांना कळलं, मला तिसऱ्या वासाला कळलं. पोरं खोकत खोकत हसली. महाजनांनी नवी तार माझ्या हातात ठेवली.

माझ्या नोकरीच्या शेवटच्या आठवड्यात निलेशची मोटर टेबलावर आली. त्यानेही चूक केली होतीच, कुठे ते मला कळलं नाही. पोरं भोवती, वाळूची बादली जवळ, महाजनांचा हात बटणावर. मोटर घुरघुरू लागली. निलेश डोळे मिटून उभा. मी त्याच्याकडेच बघत होते. मला काहीही वास येत नव्हता. कुणालाच येत नव्हता. आणि निलेश ओरडला, "सर, बंद! बंद करा!"

महाजनांनी बटण बंद केलं. मोटरीच्या अंगावर पालथा हात ठेवला. निलेशचा हात ओढून त्यावर ठेवला. मोटर गरम होती, पण जिवंत होती. महाजन हसले आणि म्हणाले, "हं."

निलेश मान खाली घालून उभा राहिला. डोळे पुसायला त्याने तोच व्हार्निशचा हात वापरला, म्हणून ते आणखी चुरचुरले. मी माझा रुमाल दिला.

मग मी मागच्या बाकावर जाऊन बसले, माझा शेवटचा फॉर्म काढला. पाठाची योजना? आहे. फळा? वापरला नाही. प्रश्न? विचारले नाहीत. साहित्य? शैक्षणिक उपयोग झाला. सगळ्यात खाली आले. शिक्षकाचं बोलणं कसं होतं? महाजन टेबलापाशी पोरांची तार गुंडाळत होते, पण लक्ष माझ्या पेनाकडे होतं.

मी 'पुरेसं' वर खूण केली आणि खाली सही केली.